अंडी बावीस

भरतीला जहाज येतं,
नाक चिखलात खुपसून बसतं.
मग रऊफ त्यावर चढतो गॅसची बत्ती घेऊन.
दारूखान्यात माझी खानावळ, दारातून दिसतं सगळं:
अख्खी भिंत सुटते, आपटते,
माझ्या ताटल्या थरथरतात.
पत्रे ट्रकात. पुढे कुठेतरी तापवून सळया.
कुठल्या टॉवरच्या कोणत्या खांबात गेलं
ते जहाजाला कोण सांगणार.

मार्चात बत्तीनंच खाल्लं त्याला,
मनगटापासून कोपरापर्यंत.
शीवच्या इस्पितळातून आला तेव्हा
हात पट्टीत, तोंड कडू.
माझी शलाका नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
म्हणाली, आई, याला नुसता भात नको.
अंडी दे, बांगडा दे, मसूर दे.
कातडी त्यातूनच विणली जाते.

बांगड्याची कातडी माणसाला?

ती हसली नाही.
खरकट्या ताटात बोटानं आतडी काढली.
जठरात आंबट असतं, लिंबाहून जहाल,
त्यात मासळीची घडी उसवते.
मग कात्री. ती मिटलेलीच जन्मते,
नाहीतर घरच्यांनाच कापेल;
आंबटात पडली की उघडते.
खाली लहान आतड्यात आणखी कात्र्या,
स्वादुपिंडाने पाठवलेल्या.
तुकड्यांचे तुकडे, शेवटी सुटे मणी,
वीस जातींचे.
बांगड्याचे कुठले, मसुरीचे कुठले,
रक्ताला ओळखू येत नाही.
यकृत मोजून घेतं, पुढे धाडतं.

आणि जास्तीचं?
जाळायला. त्याची राख लघवीत.

गोदीच्या भिंतीशी उभा असलेला रऊफ आठवला.
म्हटलं, म्हणजे माझे पैसे तिथं जातात.
तेव्हा हसली.

रात्री भांडी घासताना वाटत राहिलं,
त्याच्या आतही एक दारूखाना.
धूर नाही, ठोकाठोक नाही, मुकादम नाही.
हा घोरतोय
आणि काम चालू.

मे संपता संपता पट्टी सुटली.
गुलाबी, चकचकीत,
लसणीच्या पापुद्र्याइतकी पातळ.
त्यानं हात माझ्यापुढे धरला,
पैसे देताना धरतात तसा, पण रिकामा.
पुढच्या महिन्यात, मौसी.

वही काढली.
अंडी बावीस. बांगडे चौदा. मसूर रोजची.
हिशोब बरोबर होता.
विचारून बोट टेकवलं त्या कातडीवर.
कोमट.
खाली बारीक काहीतरी उडत होतं.

वही मिटली नाही,
पान तेवढं उलटलं.