डेखं

नंदुरबारच्या बाहेर धानोरा रस्त्याला
बारा एकर लाल.
मी त्या लालाच्या कडेला खुर्ची टाकून बसते,
मांडीवर वही.
डबा आला की रेघ, पाचवी रेघ आडवी.
डेखं खुडलेल्या मिरचीच्या एका डब्याला बारा रुपये.
बी.कॉम. झालेय मी. आई तिसऱ्या रांगेत बसते.
तिच्या नावापुढे एकही रेघ मी जास्त ओढली नाही,
हे आधी अभिमानाने सांगायचे.
आता नुसतंच सांगते.

कार्तिकात कामगार खात्याचा साहेब आला.
नाकाला रुमाल, डोळ्यांना धारा,
शिंकत शिंकत त्याने किमान वेतनाचा दर वाचला.
बायांनी हात थांबवून ऐकला.
एवढा मोठा आकडा
एका दिवसाला लागू असतो हे कुणाला माहीत होतं?

शेठ म्हणाले, साहेब, ह्या कामगार नाहीतच.
आपल्या मर्जीने येतात, मर्जीने जातात.
डबा त्यांचा, हात त्यांचे,
मी फक्त मिरची पसरतो.
हजेरी? कसली हजेरी?
(वही तेव्हा माझ्या खाली होती.
शेठनी डोळ्यांनीच सांगितलं होतं, बसून राहा.)
आणि तुमच्या दराने द्यायचं तर माल जाईल गुंटूरला,
मग ह्यांनी कुठे जायचं?
धंद्यात सरकारने हात घालू नये, साहेब.
हात पोळतो.

रुमाबाई वसावे उठली.
‘बारडोलीले जासूत, ऊस तोडाले.
पन मंग तुनी मिरची कोन खुडी?’
कुणी हसलं नाही.
आई तिचा पदर ओढत म्हणाली, ‘गप ऱ्हा वं. बंद पडनं तं?’
त्या रात्री नळावर दोघी भांडल्या.
दोघींचंही मला पटत होतं,
आणि दोघींच्याही हंड्यात पाणी अर्धंच आलं.

साहेबाने शेरा लिहिला. काय, ते दिसलं नाही.

मग मार्गशीर्षात, ध्यानीमनी नसताना,
रात्री दोनला पाऊस.
सकाळी पथारी काळी,
नाल्यातून लाल पाणी गावाकडे चाललेलं
आणि त्याच्या काठाने ठसकणारी कुत्री.
नऊ दिवस वहीत एक रेघ नाही.
सायकीबाईने सहाव्या दिवशी पैंजण मोडले, चांदीचे, एकाच पायातले.
दुसरं राहू दे म्हणाली, अजून पाऊस येईल.

शेठनी मला कचेरीत बोलावलं.
लिही: मा. जिल्हाधिकारी साहेब.
अस्मानी संकट. व्यापारी उद्ध्वस्त. कर्जाचं व्याज माफ,
क्विंटलमागे भरपाई,
शासनाने तातडीने हस्तक्षेप करावा.
मी टाइप करता करता थांबले.
शेठ म्हणाले, काय झालं? ‘क्ष’ येत नाही का?
येतो, म्हटलं.
हस्त. क्षेप.
दोन महिन्यांपूर्वी जो पोळत होता तोच हात.

पंचनाम्याला आलेल्याने विचारलं,
एवढा माल होता याला पुरावा?
शेठ माझ्याकडे वळले आणि हसले,
इतक्या मायेने ते पहिल्यांदाच हसले.
आमच्याकडे रोजची वही असते ना!
बाईगणिक नोंद. नाव, तारीख, डबे.

सायकीबाई वळवी, तेरा.
रुमाबाई वसावे, सोळा.
आईचं नाव, चौदा.
पानापानावर शिक्का बसत गेला.
ज्या नव्हत्याच, त्या आता
शेठच्या नुकसानीच्या साक्षीदार होत्या.
त्यांच्या नऊ दिवसांना मात्र रकाना नव्हता.
मी अर्ज दोनदा चाळून पाहिला.

झेरॉक्सवाला म्हणाला, किती प्रती ताई?
एक, असं सांगून पाठवलं होतं मला.
मशीनचा हिरवा उजेड रेघांवरून सरकत होता,
कोपऱ्यात आईच्या अंगठ्याचा लाल डाग,
तो कागदावर काळा उमटला.

दोन, म्हटलं.

दुसरी घेऊन मी रुमाबाईच्या गल्लीत वळले.
वाटेत डोळा चोळला चुकून.
किती वर्षं आई सांगतेय,
मिरचीचा हात डोळ्याला लावू नको.