चार्ज देताना

यामिनी, पासवर्ड सगळे फायलीत आहेत.
कुणाचं काम कुठवर आलंय तेही आहे, रंग लावून.
हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे बघू.
लाल मी सहसा वापरत नाही;
लाल दिसला की रॉटरडॅमहून फोन येतो
आणि तासभर लालबद्दलच बोलणं होतं, कामाबद्दल नाही.

फायलीत नाही ते इथे लिहिते.

मी बसते ती खोली ग्वाल्हेरला, दौलतगंजात,
शिंप्याच्या दुकानावर.
इश्तियाक मास्टरांचं मशीन मोटरवर चालतं,
लाइट गेली की ते पायावर घेतात.
आवाज बदलतो.
इन्व्हर्टर टिंवटिंव करायच्या आधीच मला कळतं:
आता वीस मिनिटं, सांगायचं ते सांगून घ्या.
तुझ्याकडे अकोल्यात असा कुठला आवाज आहे
शोधून ठेव.

मास्टर सगळ्यांना सांगतात, बस, काज-बटन बाकी है.
माझा ब्लाउज काज-बटणांवर सतरा दिवस होता.
तेव्हापासून कुणी म्हणालं,
नव्वद टक्के झालंय, फक्त टेस्टिंग राहिलंय,
की मी मान डोलावते
आणि कॅलेंडरात तीन आठवडे पुढे जाऊन बसते.
खोटं नसतं ते. सांगणाऱ्याला तसंच दिसत असतं.
कापड बेतून झालं, शिवून झालं,
अंगावर घालून बघितलेलं नसतं, एवढंच.

एकदा मात्र एक बाई, कापड कापून झाल्यावर,
म्हणाली, बाही जरा लांब करा ना.
मास्टरांनी पावती परत मागितली,
तारीख खोडली, नवी घातली,
आणि मग हसून विचारलं, चाय लेंगी?
हा क्रम मला अकरा वर्षांत जमला नाही.
मी आधी चहा विचारते.
तारीख तीच राहते,
आणि रात्री दोनला कुणीतरी बाही लांब करत बसतं.

ते कुणीतरी बहुतेक वेळा झोसांगा असतो. ऐझॉलला.
मागच्या डिसेंबरात त्याचा हिरवा ठिपका रात्रभर पेटलेला असायचा.
मला बरं वाटायचं.
दोनदा मी अंगठ्याचं चित्रही टाकलं.
फेब्रुवारीत कळलं, आई दवाखान्यात होती,
तो वॉर्डाबाहेर बाकावर, मांडीवर लॅपटॉप.
त्यानं सांगितलं नाही.
मी विचारत होते, रोज विचारत होते: कधी होईल?
या प्रश्नाला माणसं तारीख देतात.
दुसरं काही देताच येत नाही त्यांना.

आता सोमवारी पहिली दहा मिनिटं काही नाही.
काय शिजवलं, खिडकीतून काय दिसतंय.
जानेवारीत इथे धुक्यात अख्खा किल्ला जातो,
मी तेच सांगते: आज किल्ला नाही.
झोसांगा म्हणतो, आमच्याकडे ढग खाली, आम्ही वर.
रॉटरडॅमनं विचारलं, ही दहा मिनिटं कुठल्या खर्चात धरायची?
मी लिहिलं, देखभाल.
ते तू बदलू नकोस.

आणि हो, माकड.
माकडानं फायबर तोडली, असं मी एकदा अहवालात लिहिलं.
खरंच तोडली होती, समोरच्या गच्चीवर, माझ्यादेखत.
त्यांना वाटलं ही आमच्याकडची म्हण.
आता तिकडेही काम लांबलं की आपसात विचारतात,
माकड किती मोठं आहे?
गोंधळू नकोस. थोरलं की धाकटं, तेवढं सांग.

अजून पुष्कळ आहे, पण खाली
मशीन पायावर आलंय.
वीस मिनिटं.
आपण कधी भेटलेलो नाही, तुझा फोटोही कानापासून कापलेला आहे,
तरी अडलीस तर फोन कर, मी नव्या कामावर असले तरी.
कुठे अडलंय, एवढंच विचारीन.

ही टीप तशी झालीच आहे.
बस,
काज-बटणं.