चार बाय साडेसहा

टब हवा, म्हणाली कुंदा.
ग्रॅच्युइटीच्या चेकची घडीही मोडली नव्हती अजून.
मी म्हटलं, आण की. स्टेशनसमोर मिळतो,
दोनशेला, निळा, कडीवाला.
तिनं माझ्याकडे पाहिलं
जसं पाहते चादरीवरच्या सुरकुतीकडे.
"बसायचा टब."

वाशीच्या हॉटेलात तेवीस वर्षं.
शिफ्टला चौदा खोल्या, चौदा टब,
बाहेर गुडघे टेकून, आत कमरेपर्यंत वाकून.
पाऊल नाही ठेवलं कधी?
"नियम होता," म्हणाली.
मग थोड्या वेळानं, भाजी निवडता निवडता,
"वेळ पण नव्हता."

कोपरखैरणे, सेक्टर पाच, तिसरा मजला.
सिडकोच्या कागदावर बाथरूम चार बाय साडेसहा.
टेप लावली: तीन फूट अकरा.
कागदावरचा एक इंच कुठं गेला,
यावर मी आणि हरेश्वर प्लंबर
चहा संपेपर्यंत उकिडवे बसून होतो.
"टाइल्स," शेवटी तो म्हणाला.
"तुम्हीच लावून घेतल्या होत्या, फुलांच्या."

नवा बावीस हजार.
आमचं ठरलं होतं बारा, हातोड्यापासून सिमेंटपर्यंत सगळं धरून.
तुर्भ्याच्या भंगारात एक सापडला,
चार फुटी, कुणाच्या बंगल्यातून निघालेला,
आत कोंबडीची पिसं आणि एक चप्पल.
कुंदानं पदर खोचला, कडेवरून तळवा फिरवला.
"ॲसिड घातलंय मेल्यांनी.
टबाला ॲसिड घालायचं नसतं."
आणि तेवढ्यावर साडेतीनचे बत्तीसशे करून घेतले.

जिन्यात तो अडकला.
दुसऱ्या मजल्यावर, तोडणकरांच्या दारात, उभाच्या उभा,
अर्धा तास त्यांना घराबाहेर पडता येईना.
फटीतून त्यांचा एक डोळा आणि एकच प्रश्न:
गळणार तर नाही ना?
वॉटरप्रूफिंगला टबापेक्षा जास्त गेले.
हरेश्वर म्हणाला, खालच्याची झोप
नेहमीच महाग पडते, साहेब.

भिंतीत इंचभर खोबण मारली.
फुलांची एक रांग पोत्यात गेली.
वॉशिंग मशीन बाल्कनीत, तुळस खिडकीत,
कपडे वाळत घालताना मी निम्मा हवेत.
रोजच्या आंघोळीला बादली होतीच,
उरलेल्या अडीच फुटांत, पूर्वीसारखी.
वहीत बेरीज केली: अकरा हजार नऊशे चाळीस.
साठ रुपयांचे वडे आणले,
हरेश्वरनं टबाच्या कडेवर बसून खाल्ले,
कुंदानं लगेच तेलाचा डाग पुसला.

पाणी सहा ते साडेसात. गीझर पंधरा लिटरचा.
पहिल्या रविवारी गॅसवर दोन पातेली चढवली
आणि फडक्यात धरून
मी स्वयंपाकघर ते बाथरूम फेऱ्या मारल्या.
सासष्टाव्या वर्षी रूम सर्व्हिस.
निम्मा भरला.
नंतर बूच काढायचं नाही, असा हुकूम होता;
त्यात जिना धुवायचा, आठवडाभर फ्लशला घालायचं.

दार लोटलं. कडी नाही लावली,
गुडघ्यांचा भरवसा नव्हता.
मी बाहेर स्टुलावर.

चौतीस वर्षं मी तिची आंघोळ भिंतीपलीकडून ऐकली आहे:
मग, बादली, मग, बादली, सात मिनिटं,
आणि ओल्या केसांनी डब्याची घाई.
आज काहीच ऐकू येईना.
मोबाइलवर तोडणकर: अजून कोरडं.
पुन्हा तोडणकर: अजून कोरडं.
मी खाकरलो.

"अहो."
झालं का?
"नाही.
छताला डाग आहे केवढा. ताटाएवढा.
वरच्या लेल्यांचं गळतंय.
पोपडे धरलेत, म्हणजे बरीच वर्षं असणार."
मी कसं पाहिलं नाही?
"उभ्यानं दिसत नाही तो."

जाऊन सांगू का त्यांना?

पाणी हललं आत, जरासं.
"आज राहू दे.
कोमट झालंय.
अजून एक पातेलं आण."