गराडू पुस्तकात नाही

चौथीचा वर्ग, रामबागेतली शाळा,
जानेवारीचं ऊन दुसऱ्या बाकापर्यंतच पोचलेलं.
काल सांगितलं होतं, झाडाचा एकेक भाग आणा,
पण आपण खातो तोच.

भार्गवी खेरने पालक आणला, दप्तरात चुरगळलेला.
यज्ञेशने फ्लॉवर. "हे फूल आहे मॅडम, नावातच आहे!"
अन्वरचा मुळा पाल्यासकट, बाकाच्या बाहेर डोकावणारा.
कुणी खिशातून मूठभर पोहे काढले,
म्हणाला, हे बी आहे, फक्त चेपलेलं.
मान्य केलं. इंदूरात राहून पोह्यांना नाही कोण म्हणेल?

मग लोकेश चौकसे उठला.
वडलांची सराफ्यात गाडी, रात्री उशिरापर्यंत तळण,
म्हणून हा पहिल्या तासाला नेहमी पेंगतो.
आज जागा होता.
टेबलावर त्याने ठेवला अख्खा गराडू,
वाकडा, केसाळ, मातीसकट,
झोपेतून उचलून आणलेल्या जनावरासारखा.
"मूळ की खोड?"

बटाटा खोड, रताळं मूळ, एवढं पुस्तकात आहे.
गराडू नाही.
माझी पुण्याची मावशी याच्या जांभळ्या भावाला कोनफळ म्हणते,
पण हे फळ तर मुळीच नाही,
आणि मूळच आहे का, तेही ठाऊक नाही.
म्हटलं, "मला माहीत नाही."
मधल्या सुट्टीत ही बातमी पाचवीपर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी वडलांनी पुडा पाठवला,
तळलेल्या फोडी, जिरावण वेगळं, लिंबू वेगळं.
आधी बिनमसाल्याची एक फोड प्रत्येकाला.
"चावा. गिळू नका. पडलेले दात सोडून
असतील तेवढ्यांनी चावा."
वर्गात पहिल्यांदाच इतकी शांतता.
"गोड लागतंय!" भार्गवी तोंड भरून ओरडली.
लाळेचं काम, म्हटलं. आता गिळा.

"आणि उलटं लटकून गिळलं तर?"
तरी पोटातच जाईल.
अन्ननलिका मागून रेटते,
रंगपंचमीच्या गेरीत तुम्हाला गर्दी रेटते ना,
राजवाड्याशी पोचता, न चालता.
तसं. पुढे जठर, तिथे दोन-तीन तास घुसळण, आंबट रस,
आणि मग लहान आतडं.

लोकेशने गाडीची सुतळी आणली होती.
मोजपट्टीने सहा मीटर मोजले,
फळ्यापासून दारापर्यंत, दारातून व्हरांड्यात,
पाण्याच्या टाकीपाशी अन्वर टोक धरून उभा.
"एवढं? माझ्यात?"
त्याने शर्ट वर करून पोट पाहिलं.
मग सगळ्यांनी मिळून ती सुतळी डब्यात कोंबली.
झाकण लागायला तीन प्रयत्न.

मोठं आतडं याहून बरंच आखूड.
नाव ठेवणाऱ्याने रुंदी पाहिली असावी.
तिथून पुढे काय होतं ते मी सांगायच्या आतच
वर्ग हसून हसून बाकांखाली गेला.

एक तुकडा सालीसकट उरला होता.
लोकेशने तो नळामागच्या मातीत पुरला
आणि मी विसरले.

एप्रिलात तो पाचवीत गेला.
एका दुपारी हात धरून मला नळामागे नेलं.
वीतभर वेल, टोकाला दोन कोवळी पानं.
बोटाने माती उकरून दाखवली,
वरून कोंब, खालून पांढरे धागे,
आणि मधला तुकडा मऊ, सुरकुतलेला, जवळजवळ रिकामा.
"याला कुणी खाल्लं?"
वेलानेच, म्हटलं.
"दात नाहीत तरी?"
दात नाहीत तरी.
तो बराच वेळ बघत राहिला.
"मग याचं पोट कुठे असतं?"

वहीत जानेवारीचा प्रश्न तसाच होता.
त्याच्याखाली हा लिहिला.
लोकेशने डब्यातली सुतळी सोडवून
नळापासून खिडकीच्या गजापर्यंत ताणली.
सहा मीटर पुरेल ना, विचारत होता.