हवेचं रीडिंग

पाणी यायच्या आधी नळ श्वास घेतो.
आधी एक खोकला, मग लांब सुस्कारा,
मग गंजाचा तांबडा थेंब,
आणि मग, आलं तर, पाणी.

हे मला बापूंनी शिकवलं. उखर्डू व्हॉल्व्हमन.
दीड हाताची लोखंडी चावी तीस वर्षं खांद्यावर.
रात्री दोनला अर्धं गाव त्यांना शिव्या देऊन उठवायचं,
अर्धं चहा पाजून.
आता ती चावी आई बिबड्यांवर ठेवते,
वाऱ्यानं धडपं उडू नये म्हणून.

पालिकेनं कंपनीशी करार केला. पंचवीस वर्षांचा.
नळ पालिकेचे, पाणी तापीचं, पंप कंपनीचे,
तहान ज्याची त्याची.
सह्यांच्या मंडपात पाहुण्यांपुढे सीलबंद बाटल्या होत्या.
बापूंनी एक घरी आणली. उघडली नाही.
अजून फळीवर आहे, देवांच्या शेजारी.

मला कंपनीनं नोकरी दिली:
निळा टी-शर्ट, हँडसेट, वॉर्ड सहा ते नऊ,
दिवसाला एकशे चाळीस मीटर.

खोटं कशाला बोलू,
आधी अकराव्या दिवशी यायचं, आता तिसऱ्या दिवशी येतं.
आधी अध्यक्षांच्या गल्लीत अडीच तास
आणि पिंजारवाड्यात वीस मिनिटं.
ती वीस मिनिटं बापूंच्याच चावीतून जायची.
मी कधी विचारलं नाही.
ते जेवताना तांब्या जरा लांब ठेवायचे, एवढंच.

पिंजारवाडा टेकावर आहे, लाइनीच्या शेवटाला.
सायराबीच्या मीटरची काच मी पदराने पुसली.
बेचाळीस युनिट.
घरात दोन कळश्या, एक बादली, एक शेळी.
ती म्हणाली,
"पाणी नही उनं माय, नुसती हवा उनी.
तिना पैसा बी लेतस का तुम्ही?"
मी नळ उघडून दाखवायला गेले.
नळ सुस्कारला,
आणि काट्याने गिरकी घेतली,
थेंबाशिवाय,
जत्रेतल्या भिंगरीसारखी.

साहेब नाशिकचे, माणूस वाईट नाही.
करार उघडून बसले माझ्यासमोर.
गळती होती त्यात, दाब होता,
दरसाल दरवाढ होती पान एकसष्टवर.
हवा नव्हती.
हँडसेटमध्ये मी शेरा टाकला: हवा.
त्याने आकडा मागितला.

रात्री बापूंनी ताटातल्या ओल्या बोटाने
पाटावर लाइन काढली.
दर्ग्यामागे एअर व्हॉल्व्ह आहे, म्हणाले,
वर आता रसवंती उभी आहे.
कंपनीच्या नकाशात तो नाही,
कारण नकाशा करायला आलेल्या पोराने
मला विचारलंच नाही.
मग बराच वेळ गप्प.
मग आजोबांचं काढलं,
पांझरेवरच्या फडाचे पाटकरी होते ते:
पाणी सोडण्याआधी
शेवटच्या बांधाला विचारून यायचे, म्हणे.
"मी कधी विचारलं नाही," बापू म्हणाले,
आणि हात धुवायला उठले.

सकाळी बिबड्या अंगणभर उडाल्या होत्या.
चावी नव्हती.

रसवंतीवाल्याने बाकडं सरकवून दिलं,
चिपाडं बाजूला केली.
बापू गुडघ्यावर बसले, चावी घातली,
ती फिरेना. रॉकेल ओतलं. फिरली.
जमिनीतून असा काही फूत्कार निघाला
की दर्ग्यावरची कबुतरं उठली.
ही ड्यूटी पालिकेची की कंपनीची
हे कुणी विचारलं नाही,
आणि विचारलं असतं तर
आम्हा दोघांना कुठे माहीत होतं.

मी तेव्हा टेकावर होते, सायराबीच्या दारात.
काटा थांबला.
आम्ही दोघी वाकून बघत राहिलो.
बराच वेळ काहीच नाही, शेळीसुद्धा गप्प.
मग हळूच, एक युनिटही पूर्ण न करता,
गढूळ, नंतर निवळ.

मागच्या तीन महिन्यांचं बिल अजून तिच्याच नावावर आहे.
मी अर्ज लिहून दिलाय, दोन प्रतींत,
एक पालिकेला, एक कंपनीला.
विषय: हवा.
दोघांनी तो एकमेकांकडे पाठवलाय.