चारशेपैकी एकशे सत्तावीस

धैर्यशीलच्या गाडीत गियरपाशी
धातूची एक पट्टी आहे:
चारशेपैकी एकशे सत्तावीस.
लाल शिवण, टर्बो, कंपनीची वॉरंटी,
हप्ते साठ.

माझी साधी. कोरेगावच्या डॉक्टरीणबाईंकडून घेतलेली,
मागच्या काचेवर अजून
‘गाडीत बाळ आहे’चा डिंक.
मुलाण्यांच्या बशीरनं एमआयडीसीतल्या शेडमध्ये
तीन दिवाळ्या घालवून
ती उघडली, जोडली, परत उघडली.
स्प्रिंगा कोल्हापूरच्या,
सायलेन्सर कुणाच्या तरी अपघातातला,
आणि आरटीओचा माणूस दिसला की
माझा घसा कोरडा.

यवतेश्वरच्या घाटात तो पुढे गेला.
जाणारच.
तिसऱ्या वळणानंतर नुसते त्याचे मागचे दिवे,
मग तेही नाहीत.

सगळ्या पावत्या मांडून बायको म्हणाली होती,
एवढ्यात तसलीच आली असती की.
आली असती.

वर सांबरवाडीपाशी थांबलो, कसला तरी वास येत होता.
बॉनेट उचललं, मोबाईलचा उजेड धरला.
आतल्या पत्र्यावर पांढऱ्या मार्करनं,
बशीरच्या तिरक्या अक्षरात:
हा बोल्ट जास्त आवळू नये.
मी एकदा आवळलाय.