निरीक्षक

संडरलंड. रात्रीचे पावणेतीन.
टेबलावर गोदीतला म्हातारा वेल्डर, पोट तट्ट.
दोन स्कॅन, तीन मतं.
मी भूल देऊन उशाशी, आकडे बघत.

पोट उघडलं तर आतडं दिसेचना.
एक पांढरी पिशवी, शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखी,
सगळं लपेटून बसलेली.
बाईंचा चिमटा हवेतच थांबला.

मागे भिंतीला टेकून डॉक्टर अमोआको.
कुमासीत प्रोफेसर. इथे बिल्ल्यावर: निरीक्षक.
हात लावायचा नाही.
तेव्हा हाताची घडी न सोडताच म्हणाले,
"कोश आहे हा. कापू नका, सोला.
मी चार पाहिलेत.
तिसऱ्या वेळी वीज गेली, सिस्टर पहाटेपर्यंत टॉर्च धरून उभी.
चौथी पोर गेली. मी घाई केली होती."

कुणी काही बोललं नाही.
मग पापुद्रा सुटत गेला, बोटभर, बोटभर.
"डावीकडून. हळू. हं."
आणि घडीतली त्यांची बोटं
स्वतःच्याच बाहीवर काहीतरी सोलत होती.

सकाळी फॉर्म भरला.
निरीक्षकाला रकाना नसतो.
भुलीच्या कागदाच्या समासात मी नाव लिहिलं,
स्पेलिंग त्यांनाच विचारून.